चार वर्षांचं सुतारकाम कागदावर कसं आणायचं?

पत्र: माझा धाकटा भाऊ ४१ वर्षांचा आहे. मारामारीच्या केसमध्ये जानेवारी २०२० मध्ये त्याला अटक झाली, ऑगस्ट २०२२ मध्ये शिक्षा आणि दहा हजार रुपये दंड लागला. अजून तीन महिन्यांनी तो बडोद्याच्या सेंट्रल जेलमधून सुटेल. शिक्षा लागल्यापासून तो आत सुतारखात्यात काम करतो. एनआयओएसमधून, म्हणजे मुक्त शाळेतून, दहावीच्या पाचपैकी तीन विषयांत पास झालाय. शेजारचे म्हणतात, ३८ हजार भरून कॉम्प्युटर कोर्स करवा, नोकरीची गॅरंटी देतात. माझे मिस्टर म्हणतात, कुठल्यातरी सोसायटीत वॉचमन लावून देऊ. मस्कतचा मामेभाऊ तिकडे बोलावतोय. मला वाटतं आयटीआय करावं. आणि नोकरीच्या फॉर्मवर गुन्ह्याचा रकाना आला तर काय लिहायचं? – एक बहीण, वाडी, बडोदा

ताई, पत्रात तुम्ही एक गोष्ट जाता जाता लिहून पुढे गेलात: भाऊ चार वर्षं सुतारखात्यात आहे. आमच्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथूनच निघतात. तो हातात धंदा घेऊन बाहेर येतोय. कमी आहेत त्या दोनच गोष्टी. एक, त्या कामाचा कागद. दुसरी, जेलमधलं सुतारकाम आणि बडोद्याच्या बाजारातलं सुतारकाम यांच्यात पडलेलं अंतर. पहिलीला हाताशी असलेले तीन महिने पुरतात, दुसरी सुटल्यावर सहा-आठ आठवड्यांत भरून निघते. आधी बाकीचे पर्याय बघून घेऊ.

वॉचमनचं राहू द्या. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की कोर्टानं शिक्षा दिलेल्या माणसाला गार्ड किंवा सुपरवायझर म्हणून ठेवता येत नाही. एजन्सीला वगळून सोसायटीनं थेट ठेवलं, तरी ज्या दिवशी कुणाची सायकल हरवेल त्या दिवशी पहिलं बोट त्याच्याकडे जाईल. अशा जागी त्याला उभं करू नका.

३८ हजारांच्या कोर्सचंही तसंच. नोकरीची गॅरंटी म्हणजे काय हे त्यांना लेखी मागा: कुठली कंपनी, कुठलं काम, किती पगार, नाही मिळाली तर पैसे परत का. ऑफिसातल्या नोकरीत अनेकदा पहिल्याच पायरीवर कोर्टाच्या नोंदी तपासल्या जातात, आणि ४१ व्या वर्षी नवा शिकाऊ म्हणून त्याची गाठ बावीस वर्षांच्या पोरांशी पडेल. सरकारी योजनेतलं कौशल्य प्रशिक्षण, ज्याला पीएमकेव्हीवाय म्हणतात, ते शिकणाऱ्याला फुकट असतं. त्याचं सर्टिफिकेट 'काढून देतो' म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तिथूनच मागे फिरा.

मस्कतचा विचार सध्या बाजूला ठेवा. पासपोर्ट कायद्यात अशी तरतूद आहे की नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल, तर दोषी ठरल्यापासून पाच वर्षांच्या आत केलेला अर्ज नाकारता येतो. ही पाच वर्षं निकालाच्या तारखेपासून मोजतात, सुटकेच्या नाही. तुमच्या भावाच्या बाबतीत ती ऑगस्ट २०२७ मध्ये भरतात. त्याचा गुन्हा त्या व्याख्येत बसतो का हे वकिलाकडून निकालपत्र वाचून घेतल्याशिवाय कळणार नाही. तोवर कुठल्याही एजंटला एक रुपया देऊ नका.

आयटीआय चांगलंच आहे. तरसाली आणि गोरवा दोन्हीकडे सरकारी आयटीआय आहे, वयाची वरची मर्यादा नाही, आणि सुतारकामाचा ट्रेड एक वर्षाचा. पण जो माणूस चार वर्षं रोज रंधा मारतोय त्याला 'रंधा कसा धरावा' इथून सुरू होणाऱ्या वर्गात वर्षभर बिनपगारी बसवणं आम्हाला पटत नाही. सुटून येणाऱ्या माणसाला पहिल्या दोन महिन्यांत हातात पैसा लागतो. तो नसला की जुनी संगत परत दार ठोठावते. एखादा पंचविशीचा मुलगा इलेक्ट्रिशियन व्हायचं म्हणत असता, तर आम्ही आयटीआयच सांगितलं असतं.

आता कागद. हे काम तो आत असतानाच करायचं, कारण सुटल्यावर त्याच कागदासाठी जेलच्या दारात परत जायला कुणाचा पाय उचलत नाही. पुढच्या मुलाकातीला, म्हणजे जेलमधल्या भेटीला, भावाला सांगा की त्यानं सुपरिंटेंडंटच्या नावे साधा अर्ज द्यावा आणि वेलफेअर ऑफिसरला भेटावं. अर्जात मागायचं ते असं: सुतारखात्यात किती तारखेपासून किती तारखेपर्यंत काम केलं, कुठलं काम केलं, आणि मजुरी कुठल्या वर्गात मिळाली. जेलमध्ये मजुरीचे दर कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे असतात. तो 'कुशल' वर्गात असेल तर तो एक शब्दच बाहेर त्याच्या कामाचा दाखला आहे. 'सुतारखात्यात काम केले' एवढंच लिहून आलं तर परत पाठवा. टेबल, बाक, कपाट, दार-चौकट, पॉलिश, मशीनवरचं काम, जे केलं ते नावानिशी यायला हवं. सोबत वर्तणुकीचा दाखला आणि मजुरीच्या खात्याचा लेखी हिशेब. कैद्याच्या श्रमाला रास्त मजुरी मिळाली पाहिजे हा सुप्रीम कोर्टाचा १९९८ चा निकाल गुजरातच्याच प्रकरणातला आहे. हिशेब मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे.

दंडाचं आत्ताच विचारा. दहा हजार भरलेले नसतील, तर त्याऐवजी निकालपत्रात लिहिलेली जादा कैद भोगावी लागते, आणि घरचे लोक सुटकेच्या तारखेला गेटवर जाऊन रिकाम्या हातानं परत येतात. मजुरीच्या खात्यात पैसे असतील तर त्यातून भरता येतील का, हेही विचारून घ्या. निकालपत्राची प्रमाणित प्रत नसेल तर दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात जिल्हा कायदेशीर सेवा प्राधिकरण बसतं, तिथे वकील मोफत मिळतो. फोनवरून विचारायचं तर १५१००.

बाहेरचे कागद तुम्ही सुरू करा. २०२० मध्ये आत गेलेल्या माणसाचं पॅन कार्ड बहुतेक वेळा बंद पडलेलं असतं. आधारशी न जोडलेली पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाली. एक हजार रुपये फी भरून ती परत चालू होतात, मात्र त्याला महिनाभर लागू शकतो. 'सुताराला पॅन कशाला' असं म्हणू नका. इंटीरियरवाल्यानं उद्या त्याला ठेक्याचं बिल दिलं, तर चालू पॅनवर एक टक्का कर कापला जातो, बंद पॅनवर वीस टक्के. बँकेचं खातं दोन वर्षं वापरलं नाही की 'इनऑपरेटिव्ह' होतं. केवायसीचे कागद देऊन ते परत सुरू होतं आणि त्याला बँक पैसे घेऊ शकत नाही. आधारला चालू मोबाइल नंबर जोडायला मात्र त्यानं स्वतः केंद्रावर गेलेलं बरं. तिथे बोटांचे ठसे लागले नाहीत तर घाबरू नका. सॅंडपेपरवर चार वर्षं घासलेली बोटं आहेत ती. डोळ्यांच्या स्कॅनवर काम होतं. पुढच्या प्रत्येक योजनेचा ओटीपी याच नंबरवर येणार आहे, म्हणून तो नंबर त्याचाच असू द्या, भाच्याचा नको.

आणि एक सावधगिरी. 'तुझं खातं महिनाभर वापरायला दे, दहा हजार देतो' असं म्हणणारे लोक नेमके सुटून आलेल्यांनाच शोधतात. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो आणि गुन्हा खातेदाराच्या नावे लागतो. हे त्याला मुलाकातीतच सांगून ठेवा.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ, म्हणजे कामातलं अंतर. जेलच्या सुतारखात्यात साधारणपणे भरीव लाकडाचं काम असतं: बाक, टेबलं, खुर्च्या, चौकटी. माप इंचात आणि सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. सांधा कुसू-भोकाचा, एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या भोकात बसवलेला. हा हात फार मोलाचा आहे, आज नव्या पोरांकडे तो नाही. पण भायली, वासणा, गोत्रीकडे जे फ्लॅट उभे राहिलेत त्यांच्या आत भरीव लाकूड जवळजवळ नसतं. तिथे आठ बाय चारचा प्लाय, त्यावर सनमायका, कडेला एजबँडची पातळ पट्टी आणि आत तयार हार्डवेअर. माप मिलिमीटरमध्ये. एक सूत म्हणजे सव्वातीन मिमीला थोडं कमी, आणि इथली बरीचशी चूक त्या एका सुताच्या आत होते.

ड्रॉवरचंच बघा. कॅबिनेट बाहेरून ४५० मिमी, दोन्ही बाजूंना १८ मिमीचा प्लाय, म्हणजे आतली मोकळी जागा ४१४. टेलिस्कोपिक चॅनल, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो ती पट्टी, एका बाजूला साधारण १२.७ मिमी जागा खातं, दोन्ही बाजू धरून साडेपंचवीस. म्हणून ड्रॉवरचा खोका बाहेरून ३८८ चा हवा. जुन्या सवयीचा माणूस 'इंचभर कमी' धरतो, आणि हिशेब बरोबर असूनही कापताना पात्याची जाडी विसरतो किंवा सनमायकाचा एक मिमी धरत नाही. खोका दोन मिमी मोठा झाला की चॅनलच्या गोळ्या दाबल्या जातात आणि ड्रॉवर अर्ध्यात अडकतो. दोन-तीन मिमी लहान झाला की स्क्रू चॅनलला बाहेर ओढतात आणि ड्रॉवर डुगडुगतो. भरीव लाकडात असं झालं तर रंध्याची एक साल काढून भागतं. इथे सनमायका लावलेली कड रंधता येत नाही, खोका नव्यानं करावा लागतो आणि नुकसान मालक मजुरीतून धरतो.

दाराच्या, म्हणजे शटरच्या बिजागरीचंही असंच. ऑटो हिंजची वाटी ३५ मिमीची असते. भोक कडेपासून चार-पाच मिमी आत, खोली बारा मिमीच्या आसपास. शटर १८ मिमीचं, म्हणजे मागे जेमतेम सहा मिमी उरतात. लांब टोकाचा बिट घेतला की ते टोक पुढच्या सनमायकाला आतून टेकतं आणि बाहेर एक बारीक फुगा दिसतो. शटर गेलं. म्हणून ड्रिलला खोलीचा स्टॉपर लावायचा आणि पहिलं भोक उरलेल्या तुकड्यावर मारून बघायचं. पूर्ण झाकणाऱ्या, अर्ध्या झाकणाऱ्या आणि आत बसणाऱ्या शटरला बिजागरी वेगवेगळी लागते. खरेदीला जाताना शटर कुठलं ते चिठ्ठीवर लिहून न्यायचं.

सनमायका एकाच बाजूला लावून दुसरी बाजू कोरी सोडली तर पावसाळ्यात शटर वाकतं, कारण कोरी बाजू हवेतला ओलावा पिऊन फुगते. बाहेर एक मिमीचा, तर आतून ०.८ चा तरी लावायचाच. सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० चा शिक्का असलेला, पाणी सोसणारा प्लाय. साधा एमआर प्लाय, जो फक्त ओलसरपणा सोसतो, तिथे वर्षात पापुद्रे सोडतो. आणि कटर मशीन चालू असताना हातमोजे घालायचे नाहीत. पात्यात मोजा अडकला तर हात सोबत जातो. हातकरवतीवर काम केलेल्या माणसाला हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

हे सगळं वर्गात शिकायची गरज नाही. मॉड्युलर, म्हणजे असं प्लायच्या तयार खोक्यांचं काम करणाऱ्या एखाद्या चार-सहा माणसांच्या कारखान्यात सहा ते आठ आठवडे काम केलं की त्याच्या हाताला ते बसेल. मकरपुरा जीआयडीसीच्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीच्या, बाजूला किंवा शहरातल्या प्लाय-हार्डवेअरच्या दुकानात विचारा. कुठला मिस्त्री माणसं शोधतोय हे दुकानदाराला नेमकं ठाऊक असतं. रोजंदारीसाठी मजूर उभे राहतात त्या कडिया नाक्यावर त्याला उभं करू नका, तिथे कुशल हातालाही बिगारीचा दर मिळतो. पहिले पंधरा दिवस कमी मजुरीवर राहायला हरकत नाही, मात्र सोळाव्या दिवसाचा दर आधीच ठरवून घ्यायचा, आणि हजेरी स्वतःच्या वहीत रोज लिहायची. अवजारांत सुरुवातीला पाच मीटरचा टेप, गुण्या, तीन पटाश्या आणि स्टॉपरसह ३५ मिमीचा बिट एवढंच घ्या. मशीन नको.

कामाला लागल्यावर आरपीएलची चौकशी करा, म्हणजे आधीच येत असलेल्या कौशल्याला मान्यता देणारं सर्टिफिकेट. थोड्या तासांची ओळख, मग प्रात्यक्षिक परीक्षा. फर्निचरसाठी वेगळं स्किल कौन्सिल आहे, त्यात लाकडी फर्निचरचा सुतार आणि मॉड्युलर फर्निचरचा फिटर अशा वेगवेगळ्या भूमिका आहेत. त्यानं आधी पहिली घ्यावी, जी त्याला आजच येते. परीक्षेत नापास होतात ते बहुतेक कामात कच्चे म्हणून नव्हे. ड्रॉइंग वाचता येत नाही आणि सुरक्षेच्या प्रश्नांना 'माहितीये सगळं' म्हणून टाळतात, म्हणून. जेलमध्येच अशी बॅच येणार आहे का हे वेलफेअर ऑफिसरला विचारा. आली तर तिथेच उरकेल.

पीएम विश्वकर्मा योजनेत १८ धंदे आहेत आणि सुतारकाम त्यातलं एक आहे. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचं व्हाउचर, आणि नंतर पाच टक्के व्याजानं पहिलं एक लाखाचं कर्ज, अठरा महिन्यांत फेडायचं. अर्ज सीएससी, म्हणजे कॉमन सर्व्हिस सेंटरवर होतो. दोन ठिकाणी माणसं अडकतात. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि इथे कुटुंब म्हणजे नवरा-बायको आणि लग्न न झालेली मुलं, तेव्हा तुमच्या मिस्टरांनी घेतला असला तरी भावाचा हक्क जात नाही. दुसरं, योजना स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी आहे. पडताळणीला वेळ लागतो, म्हणून पहिल्या तीन महिन्यांच्या घरखर्चात हे पैसे धरू नका. कर्जाआधी त्याचा क्रेडिट रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. २०२० मध्ये बाइकचा हप्ता अर्धवट राहिला असेल तर तो तिथे दिसेल.

बांधकामाच्या साइटवर सुतारकाम केलं तर वर्षात ९० दिवस भरल्यावर ई-निर्माण कार्ड, म्हणजे बांधकाम कामगाराचं सरकारी कार्ड, काढता येतं. त्यावर साइटजवळच्या केंद्रात पाच रुपयांत जेवण मिळतं. सुरुवातीच्या दिवसांत तेही कामाचं आहे.

फॉर्मच्या रकान्याबद्दल. विचारलं असेल तर खरं लिहायचं, विचारलं नसेल ते आपणहून लिहायचं नाही. सुप्रीम कोर्टानं अवतार सिंग खटल्यात २०१६ मध्ये जवळजवळ हेच सांगितलंय: प्रश्न नेमका असला पाहिजे, आणि नेमक्या प्रश्नाला दिलेलं खोटं उत्तर नोकरी घालवू शकतं. 'कधी अटक झाली होती का', 'शिक्षा झाली आहे का' आणि 'केस चालू आहे का' हे तीन वेगळे प्रश्न आहेत. घाईत तिन्हींपुढे एकच शब्द लिहू नये.

छोट्या कारखान्यात फॉर्म नसतो, तिथे आमचं मत वेगळं आहे. मालकाला त्यानं पहिल्याच भेटीत स्वतः सांगावं. वाडी-मांडवीच्या गल्ल्यांत ही गोष्ट आठवड्याच्या आत मालकाच्या कानावर जाणारच, आणि दुसऱ्याच्या तोंडून गेली की ती लपवलेली वाटते. तीन वाक्यं पुरे, गुजरातीत किंवा हिंदीत: मारामारीच्या केसमध्ये शिक्षा झाली होती, ती पूर्ण भोगून सुटलोय. आत चार वर्षं सुतारखात्यात कुशल कामगार होतो, हा दाखला. पंधरा दिवस काम बघा, मग ठरवा. भांडण कुणाचं होतं, चूक कुणाची होती हे काही सांगायचं नाही. ही वाक्यं मुलाकातीत त्याच्याकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. पहिल्यांदा ती अडखळतातच, आणि ते अडखळणं मालकासमोर होण्यापेक्षा तुमच्यासमोर झालेलं बरं.

दहावी सोडू नका. एनआयओएसची नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ संधी असतात, आणि पास झालेले तीन विषय तसेच राहतात. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, फी काही महिने आधी भरावी लागते. आत त्याचा एनरोलमेंट नंबर, हॉल तिकीट आणि निकालाची प्रत ज्या फायलीत आहे ती सुटताना हातात यायला हवी. बाहेर पडल्यावर पत्ता आणि परीक्षा केंद्र बदलून घ्या. उरलेल्या दोन विषयांत गणित असेल आणि ते जड जात असेल, तर विषय बदलता येतो का हे केंद्रात विचारा. पाचांत गणित असलंच पाहिजे असं नाही. पुस्तकं मराठीतही मिळतात.

आणि सुटल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याला सयाजी हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या ओपीडीत न्या. एक्केचाळिशीत जवळचा नंबर बऱ्याच जणांना लागलेला असतो, आणि इंचाच्या मोठ्या रेघांवर काम करताना तो जाणवत नाही. टेपवरची मिलिमीटरची रेघ मात्र चष्म्याशिवाय दिसणार नाही, आणि ३८८ चा ड्रॉवर ३९० चा होईल.